सोडतीत निम्म्या, विधानसभेत शून्य

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आठ आणि सांगली जिल्ह्यातल्या आठ अशा सोळाही मतदारसंघांतून पुरुष निवडून आले. ज्या निवडणुकीत ‘लाडकी बहीण’ हा परवलीचा शब्द झाला होता, तिच्यातच राज्यभरातल्या स्त्री आमदारांची संख्या २०१९ च्या २४ वरून २१ वर घसरली. आता याच दोन जिल्ह्यांतले दुसरे आकडे पाहू. २०१७ साली जिल्हा परिषदेसाठी साताऱ्यात ६४ आणि सांगलीत ६० गट होते. त्यांतले निम्मे, म्हणजे ३२ आणि ३०, स्त्रियांसाठी राखीव होते आणि किमान तेवढ्या स्त्रिया सभागृहात बसल्या. मतदार तेच, गावे तीच, पक्ष तेच आणि भावकीही तीच. मग एका निवडणुकीत निम्म्या आणि दुसरीत शून्य हे कसे? ‘समाजाची मानसिकता’ हे नेहमीचे उत्तर इथे अपुरे पडते, कारण एकाच मतदाराची मानसिकता जिल्हा परिषदेच्या मतदानात एक आणि विधानसभेच्या मतदानात दुसरी असू शकत नाही. फरक नियमांत आहे. आरक्षण जिथे मोजून दिले तिथे स्त्रिया आल्या. जिथे प्रतिनिधित्व आपोआप झिरपत वर जाईल अशी आशा धरली, तिथे आल्या नाहीत. ते का झिरपले नाही, याचे उत्तर कृष्णाकाठच्या सत्तेच्या इतिहासात सापडते.

राखीव जागेच्या वाटेने सत्तेत शिरणे ही या भागाला नवी गोष्ट नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. मतदारसंघ अनेक सदस्यांचा असे आणि त्यातली एक जागा राखीव असे. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा साताऱ्यात मोठा जोर होता. पैसा, शिक्षण आणि कचेरीतले वजन एका बाजूला असताना केवळ संख्येच्या बळावर बहुजन निवडून येत नाहीत, हे त्या चळवळीने जाणले होते. जो युक्तिवाद तेव्हा जातीसाठी केला गेला, तोच पुढे स्त्रियांसाठी केला गेला तेव्हा मात्र त्याच घरांना तो परका वाटला. स्त्रियांना कायदेमंडळाचे मत देण्याचा ठराव मुंबईत १९२१ सालीच झाला होता, पण मताला मालमत्तेची अट होती आणि मालमत्ता पुरुषांच्या नावावर. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी सहा जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. त्या काळच्या प्रमुख महिला संघटनांनी राखीव जागांना विरोध केला होता. आम्हाला सवलत नको, सर्वांना समान मताधिकार हवा, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका तत्त्वाची होती. परंतु समान मताधिकार मिळाला की समान प्रतिनिधित्व आपोआप येईल, हे तिच्यातले गृहीतक पुढच्या पन्नास वर्षांत खोटे ठरले.

ते किती खोटे ठरले हे पाहायला साताऱ्याइतका चांगला जिल्हा नाही. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारात इथल्या स्त्रियांनी निरोप पोचवले, शस्त्रे लपवली, भूमिगतांना भाकरी पुरवली. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवराबायकोच्या भांडणाचे सोंग वठवून शिपायांना गुंतवून ठेवले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातली शस्त्रे पळवली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर तरुण वयातच या लढ्यात उतरल्या आणि पुढे आयुष्यभर स्त्रियांच्या व कष्टकऱ्यांच्या चळवळीत राहिल्या. स्वातंत्र्यानंतर या भूमिगत चळवळीतले पुरुष आमदार, खासदार, मंत्री झाले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. हौसाताई किंवा इंदुताई आमदार-खासदार झाल्या नाहीत. प्रौढ मताधिकार होता, दोघींचे शौर्य गावोगाव ठाऊक होते, निवडणुकीला उभे राहण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती एका जागेला एकच उमेदवार या पद्धतीची. मतदारसंघात एकच माणूस उभा करायचा, तर पक्ष ज्याच्याकडे जमीन, नातीगोती आणि फिरायला मोकळीक आहे त्यालाच उभा करतो. यात द्वेष असावा लागत नाही. हिशेब पुरेसा असतो.

या हिशेबाची कल्पना राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायतींत दोन स्त्रियांना सामावून घेण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते देवराष्ट्रे गावात जन्मलेले, कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण. या कायद्याने ग्रामीण नेतृत्वाची एक अख्खी पिढी घडवली. स्त्रियांसाठी त्यात सोय होती ती स्वीकृतीची: निवडून आल्या नाहीत, तर एकदोघींना सभागृहाने घ्यावे. स्वीकृत सदस्याला गट नसतो, मतदार नसतात, पुढच्या निवडणुकीत मागायला काम नसते. ज्यांनी तिला घेतले त्यांच्याकडेच तिला पाहावे लागते. प्रतिनिधित्वाचा आकडा दिसावा पण सत्तेची वाटणी होऊ नये, यासाठी याहून सोयीची पद्धत शोधून सापडणार नाही. तीस वर्षे ती चालली.

त्या तीस वर्षांत या भागातून दिल्ली-मुंबईला पोचलेल्या ठळक स्त्रिया कोणत्या वाटेने गेल्या हेही पाहण्यासारखे आहे. कराडचे खासदार दाजीसाहेब चव्हाण यांचे निधन झाले आणि १९७३ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी निवडून आल्या. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री झाले, सांगलीची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि तिथे शालिनीताई पाटील निवडून आल्या. वाट जुनी झाली तरी बंद पडली नाही: २०१५ च्या फेब्रुवारीत आमदार आर. आर. पाटील गेले आणि एप्रिलच्या पोटनिवडणुकीत तासगाव-कवठेमहांकाळमधून सुमनताई पाटील आल्या. तिन्ही वेळा पोटनिवडणूक, तिन्ही वेळा पतीची जागा. सातारा लोकसभा मतदारसंघात असा प्रसंग आला नाही आणि त्या मतदारसंघाने आजवर एकही स्त्री निवडून दिली नाही. या स्त्रियांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. प्रेमलाकाकींनी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकाही जिंकल्या. शालिनीताई राज्याच्या महसूलमंत्री होत्या आणि वसंतदादांच्या पश्चात १९९९ आणि २००४ अशा दोनदा कोरेगावातून स्वतःच्या बळावर आमदार झाल्या. मुद्दा कर्तृत्वाचा नाही, दाराचा आहे. दार फक्त शोकाच्या किंवा सोयीच्या वेळी उघडत असेल, तर आत येणाऱ्यांची संख्या गुणवत्तेवर ठरत नाही, प्रसंगावर ठरते.

चित्र बदलले ते नियम बदलल्यावर. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचा महिला मेळावा झाला आणि तिथून निघालेल्या समग्र महिला आघाडीने पंचायतीच्या निवडणुका स्त्रियांच्या पॅनेलने लढवण्याची भाषा केली. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा स्त्रियांना दिल्या, १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने किमान एकतृतीयांश आरक्षण देशभर लागू केले आणि २०११ साली राज्याने हा वाटा निम्म्यावर नेला. महत्त्व टक्केवारीइतकेच सोडतीला आहे. कोणता गट राखीव होणार हे पुढारी ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. पक्षाला त्या गटात पुरुष उभा करताच येत नाही, मग त्याची गावकीत कितीही मोठी पत असो. १९४७ नंतर प्रथमच पक्षाच्या हिशेबात स्त्री उमेदवार ‘धोका’ राहिली नाही, कारण समोरच्या पक्षाचा उमेदवारही स्त्रीच असणार होता. सरपंच, सभापती, अध्यक्ष या पदांनाही सोडत लागू झाली. २०१६ साली नगराध्यक्षांची थेट निवडणूक झाली, तेव्हा साताऱ्यात माधवी कदम आणि कराडमध्ये रोहिणी शिंदे निवडून आल्या.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. साताऱ्याच्या त्या लढतीकडे लोकांनी पाहिले ते राजघराण्यातल्या दोन आघाड्यांची कुस्ती म्हणून; उमेदवार दोघी स्त्रिया होत्या हे दुय्यम ठरले. गावागावांत ‘सरपंचपती’ हा शब्द रुळला आहे. खुर्चीवर बाई, शिक्का नवऱ्याच्या खिशात, अशी ही तक्रार. ती मान्य करूनही दोन प्रश्न उरतात. पहिला असा, की वडिलांच्या कारखान्यावरून आणि काकांच्या बँकेवरून विधानसभेत गेलेल्या तरुणाला कोणी ‘आमदारपुत्र’ एवढेच म्हणून बाद ठरवत नाही. घराण्याचा आधार पुरुषाला वारसा ठरतो आणि स्त्रीला बाहुलेपण, ही मोजमापातलीच खोट आहे. दुसरा प्रश्न पुराव्याचा. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासून २००४ साली दाखवले, की प्रमुखपद राखीव असलेल्या ठिकाणी स्त्रियांच्या मागणीच्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च होतो. सगळ्याच जणी बाहुल्या असत्या तर खर्चाची दिशा बदलली नसती. मुंबई महापालिकेचा अभ्यास आपल्या अधिक जवळचा आहे. रिखिल भावनानी यांनी १९९७ आणि २००२ च्या निवडणुका ताडून पाहिल्या. १९९७ ला स्त्रियांसाठी राखीव असलेले आणि २००२ ला खुले झालेले प्रभाग एका बाजूला, दोन्ही वेळा खुले असलेले दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारच्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठल्यावरही काही उरते, याचा हा महाराष्ट्रातलाच दाखला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मला तो बराचसा पटतो. राखीव जागा फिरती असते. पाच वर्षांत बाईने गट बांधावा, रस्ते-पाण्याच्या कामाने नाव कमवावे आणि पुढच्या सोडतीत गट खुला व्हावा किंवा दुसऱ्या प्रवर्गाकडे जावा. खुल्या गटात तिचे तिकीट कापले जाते, कारण ‘महिलांचे गट वेगळे आहेत की’ हे उत्तर तयार असते. खुल्या जागेचा अर्थ कायद्यात ‘कोणासाठीही’ असा असला, तरी पक्षकार्यालयात तो ‘पुरुषांसाठी’ असा होतो. त्यामुळे निम्मा वाटा हा किमान न राहता कमाल होऊन बसतो. ग्रामपंचायतीत हा दोष थोडा सौम्य होतो. तिथे प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडायचे असतात, प्रत्येक जागेला मतदाराला एक मत असते आणि पॅनेल बांधताना स्त्री-पुरुष दोघे एकत्र फिरतात. सोडत बदलली तरी बाईला त्याच प्रभागात दुसरी जागा सापडू शकते. जिल्हा परिषदेच्या एकसदस्य गटात तशी सोय नाही. मतदारसंघ एकाचा की अनेकांचा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. स्त्रीचे राजकीय आयुष्य पाच वर्षांचे होणार की पंचवीस, हे बरेचसे त्यावरच ठरते.

तरीही केवळ फिरत्या आरक्षणाने शून्याचा उलगडा होत नाही. तीन दशकांत या दोन जिल्ह्यांत हजारो स्त्रियांनी सरपंच, सदस्य, सभापती म्हणून काम केले. त्यांतल्या दहा-पाच तरी विधानसभेच्या उमेदवारीपर्यंत पोचायला हव्या होत्या. त्या पोचल्या नाहीत, कारण इथली विधानसभेची शिडी जिल्हा परिषदेच्या अंगणात उभी नाही. ती साखर कारखान्याच्या आवारात उभी आहे. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, भुईंजचा किसन वीर, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, साखराळ्याचा राजारामबापू, वांगीचा सोनहिरा: या नावांपुढे आमदारांची आणि माजी मंत्र्यांची नावे कोणीही शेतकरी पाठ म्हणून दाखवील. कारखाना म्हणजे ऊसतोडीची तारीख, नोकरी, कर्जाची शिफारस, शिक्षणसंस्थेतला प्रवेश. त्याच्या जोडीला जिल्हा मध्यवर्ती बँक, दूध संघ, बाजार समिती. उमेदवाराला लागणारी माणसे आणि साधने इथे तयार होतात. या आवारात स्त्रियांचा वाटा किती? सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्याने संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा ठेवल्या. संचालक जास्तीत जास्त एकवीस. म्हणजे जिल्हा परिषदेत दोनांत एक आणि जिथे खरी सत्ता आहे तिथे साधारण दहांत एक.

यावर उत्तर दिले जाते, की सहकारात कोणाला अडवलेले नाही, सभासदांनी निवडून द्यावे. पण सभासद कोण? ऊस उत्पादक, आणि उत्पादक तो ज्याच्या नावावर सातबारा. एकेकाळी साताऱ्याचा पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि बंदरावर होता, तेव्हा इथली शेती बायकांनी ओढली. उताऱ्यावर मात्र नाव गिरणीतल्याचेच राहिले. शेतकरी संघटनेची लक्ष्मी मुक्तीची मोहीम किंवा मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारा महाराष्ट्राचा १९९४ चा कायदा ही या गाठीवरच घातलेली बोटे होती. कायदा झाला, तरी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या सह्या तलाठी कार्यालयात होतच राहिल्या. १९२१ साली मताला मालमत्तेची अट होती. सहकारात ती शंभर वर्षांनंतरही वेगळ्या नावाने टिकून आहे. जिथे ही अट आडवी आली नाही तिथे काय घडले, याचाही दाखला सातारा जिल्ह्यातच आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सभासद स्त्रिया, म्हणून नेतृत्वही स्त्रियांचे. दुष्काळी माणच्या बायकांना जे जमले ते कृष्णाकाठच्या बागायतदार घरातल्या बायकांना जमत नाही, असे मानायला कारण नाही. फरक सभासदांच्या यादीत आहे.

आता १०६ व्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, की २०२३ च्या सप्टेंबरात लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि राज्यसभेने एकमताने लोकसभा-विधानसभांतला एकतृतीयांश वाटा मान्य केला, मग चिंता कशाची? शून्याची जागा आकडा घेईल, हे खरे आणि स्वागतार्ह आहे. सोळा मतदारसंघांचे एकतृतीयांश म्हणजे पाच-सहा. इतक्या स्त्री आमदार या दोन जिल्ह्यांनी एका वेळी कधी पाहिलेल्या नाहीत. पण कायद्याने आरक्षणाला आधी जनगणना आणि मग मतदारसंघांची पुनर्रचना या दोन पायऱ्या जोडल्या, मुदत पंधरा वर्षांची ठेवली आणि जागा प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरत्या केल्या. फिरत्या जागेचा जिल्हा परिषदेतला दोष तो तसाच वर नेतो. इतर देशांचे अनुभवही सावध करणारे आहेत. फ्रान्सने २००० साली पक्षांना निम्म्या स्त्रिया उभ्या करण्याचा कायदा केला. एकसदस्य मतदारसंघांच्या राष्ट्रीय सभेत पक्षांनी दंड भरणे पसंत केले आणि २००२ साली ५७७ पैकी ७१ स्त्रिया आल्या. त्याच देशाने २०१५ पासून जिल्हा परिषदांसाठी प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी निवडायची पद्धत आणली आणि पळवाट बुजली. नेपाळात २०१७ साली महापौर-उपमहापौराच्या जोडीत एक स्त्री असावी असा नियम होता. पक्षांनी बहुतेक सर्वत्र पुरुषाला महापौर आणि स्त्रीला उपमहापौर केले. नियमात जेवढी फट असेल तेवढ्यातून जुनी सत्ता बाहेर पडते, हे तिकडेही खरे ठरले आणि इकडेही.

आणि सर्वांत मोठी फट तर निवडणूकच न घेण्याची. २०२२ च्या मार्चमध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालयीन तारखा या सगळ्यांत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात कागदावर स्त्रियांचे आरक्षण पन्नास टक्के होते आणि सभागृहात सदस्यच नव्हते. शून्याचे निम्मे शून्यच.

म्हणून माझा निष्कर्ष असा. आरक्षण फसले असे म्हणणाऱ्यांनी ते जिथे दिले तिथला हिशेब पाहावा. तिथे ते फसलेले नाही. आरक्षण दिले, आता पुरे, असे म्हणणाऱ्यांनी ते जिथे दिले नाही तिथला हिशेब पाहावा. तिथे सत्तर वर्षांत फारसे काही हललेले नाही. सावित्रीबाईंचे नायगाव सातारा जिल्ह्यात आहे आणि ताराराणींचे नाव साताऱ्याच्या किल्ल्याशी जोडलेले आहे, एवढ्याने उमेदवारी मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव, कारखान्याचे सभासदत्व आणि दोन निवडणुका टिकणारा मतदारसंघ या तीन गोष्टी मिळाल्या, तर विधानसभेचा आकडा कोणी वेगळा सांगायला नको. पुढच्या वेळी आपल्या कारखान्याच्या निवडणुकीचे पॅनेल जाहीर होईल, तेव्हा वाचकांनी एवढेच मोजावे: राखीव दोन नावे बाजूला ठेवली, तर उरलेल्या नावांत स्त्रिया किती आहेत.